डेडस्टॉक रजिस्टरमधले संगणक

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरची, कागदोपत्री भाषेत जडसंग्रह नोंदवहीची, १९८५ ते १९९५ या काळातली पाने आपण कधी चाळली आहेत का? बाके, फळे, नकाशे, भिंतीवरची घड्याळे, प्रयोगशाळेतले तराजू अशा नोंदींच्या रांगेत एखाद्या शाळेत 'बी.बी.सी. मायक्रो संगणक' अशीही एक ओळ सापडते. संख्या, किंमत, कोणाकडून मिळाला, तारीख. पुढे केव्हातरी शेऱ्याच्या रकान्यात 'नादुरुस्त' आणि आणखी काही वर्षांनी 'निर्लेखित'. निर्लेखित झालेली वस्तू भंगारात जाते. तिथे तिचा हिशेब किलोवर होतो.

जगात दुसरीकडे याच यंत्रांचा हिशेब निराळा होतो. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये झालेल्या एका लिलावात 'ॲपल-१' हा १९७६ सालचा संगणक अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलरना घेतला. हा संगणक म्हणजे एक उघडा सर्किट बोर्ड. त्याला पेटी नव्हती, कीबोर्डही नव्हता. तो बनलाच मुळी दोनशेच्या आसपास आणि विकला जाई ६६६ डॉलर ६६ सेंटना. अशा बातम्या वाचल्या की जुने संगणक जमवणे हा श्रीमंतांचा नाद आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात जुन्या घरगुती संगणकांचे बहुसंख्य संग्राहक साधी नोकरदार माणसे आहेत. हातात सोल्डरिंगची कावी आणि मनात चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल. पोस्टाची तिकिटे जमवणारा तिकिटाने पुन्हा पत्र पाठवत नाही. संगणक जमवणाऱ्याला मात्र ते यंत्र पुन्हा चालू झालेले पाहायचे असते, आणि या छंदाची सगळी गंमत व सगळी अडचण इथेच आहे.

आधी 'घरगुती संगणक' म्हणजे काय ते पाहू. जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' झळकला. तो सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायचा. स्मृती २५६ बाइट, समोर खटके आणि लुकलुकणारे दिवे, बाकी काही नाही. १९७७ मध्ये ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तिघे आले आणि कीबोर्ड असलेले, पेटीतून काढून लगेच वापरता येणारे यंत्र सामान्य माणसाला दिसले. पण आपल्या गोष्टीला कलाटणी मिळते ती ब्रिटनमध्ये. क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकाने १९८० मध्ये 'झेडएक्स ८०' शंभर पौंडांच्या आत विकायला काढला. पुढच्या वर्षीचा 'झेडएक्स ८१' तर सत्तर पौंडांच्याही आत होता. २३ एप्रिल १९८२ रोजी रंगीत 'झेडएक्स स्पेक्ट्रम' आला. १६ किलोबाइट स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना.

इतकी स्वस्ताई साधली कशी, हे शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावे असे आहे. पडदा द्यायचाच नाही, घरातला दूरचित्रवाणी संच वापरायचा. तबकडी द्यायची नाही, घरातला कॅसेट प्लेअर वापरायचा. झेडएक्स ८१ मध्ये मुख्य चिप अवघ्या चार होत्या: झेड ८० हा मायक्रोप्रोसेसर, कायम स्मृतीची एक, तात्पुरत्या स्मृतीची एक, आणि बाकीची सगळी किरकोळ कामे एकटीने सांभाळणारी एक खास बनवून घेतलेली चिप. स्पेक्ट्रममध्ये काटकसर आणखी पुढे गेली. स्मृतीच्या ६४ किलोबिट क्षमतेच्या चिप बनवताना काहींचा निम्मा भाग सदोष निघे. कारखानदाराच्या दृष्टीने तो टाकाऊ माल. स्पेक्ट्रमच्या वरच्या ३२ किलोबाइट स्मृतीसाठी अशाच अर्ध्या चांगल्या चिप वापरल्या आणि बोर्डावर एक तार इकडे किंवा तिकडे जोडून त्यांचा चांगला अर्धा भाग तेवढा निवडला. नासका भाग कापून आंबा खावा, तसे हे झाले. आज स्पेक्ट्रम दुरुस्त करणाऱ्याला ही तार कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे लागते.

हा स्पेक्ट्रम आपल्याकडे कसा आला? त्या काळी परदेशातून संगणक आणणे म्हणजे भरमसाट जकात. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि परवाने व आयात यांतली बंधने बरीच सैल केली. त्यानंतरच्या मोकळ्या हवेत पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरकडून रीतसर परवाना घेऊन १९८६ मध्ये 'स्पेक्ट्रम प्लस'ची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. 'डीबी' म्हणजे डेसिबेल, ध्वनीची तीव्रता मोजायचे माप. १९९० च्या सुमारास ही बाजारपेठ मावळेपर्यंत या यंत्राचे काही हजार नग विकले गेले. ब्रिटनमध्ये आणि इतरत्र मिळून मूळ स्पेक्ट्रम पन्नास लाखांवर खपला. त्या आकड्यापुढे काही हजार म्हणजे चिल्लर. पण संग्रहाच्या दृष्टीने मला हीच चिल्लर मोलाची वाटते. ब्रिटनच्या स्पेक्ट्रमवर चाळीस वर्षांत पुस्तके लिहिली गेली, माहितीपट निघाले. पुण्याच्या स्पेक्ट्रमची माहिती शोधू गेल्यास परदेशी संग्राहकांच्या याद्यांतल्या चार-सहा ओळींवर आपली धाव संपते.

दुसरा धागा शाळांचा. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने लोकांना संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणीवर एक मालिका आखली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून यंत्र बनवून घेतले. डिसेंबर १९८१ चा हा 'बी.बी.सी. मायक्रो'. ६५०२ हा प्रोसेसर, ३२ किलोबाइट स्मृती, भक्कम कीबोर्ड आणि मागे-खाली नाना तऱ्हेची उपकरणे जोडायला जागा. स्पेक्ट्रमच्या दुपटीहून महाग, पण वर्गातल्या मुलांचे धपाटे सोसणारा. भारतात १९८४-८५ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला तेव्हा हेच यंत्र निवडले. आरंभी सुमारे अडीचशे शाळा होत्या. पुढे एकूण १२,००० बी.बी.सी. मायक्रो राज्य शासनांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत वाटले गेले. चंदीगडजवळच्या मोहालीतल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने एकॉर्नच्या परवान्याने त्याची 'युनिकॉर्न' नावाची भारतीय आवृत्तीही काढली. हीच कंपनी देशात चिप बनवत होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि कारखाना उद्ध्वस्त झाला. ती कथा निराळी, पण आज देशात पुन्हा चिपच्या कारखान्यांची चर्चा होते तेव्हा हे साल आठवायला हरकत नाही.

बी.बी.सी. मायक्रोविषयी आणखी एक गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. त्याचे बेसिक लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि यंत्ररचनेतले त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे 'आर्म' हा नवा प्रोसेसर आखला. त्याच्या आज्ञासंचाची पहिली नक्कल, म्हणजे चिप बनण्याआधीची कागदी तालीम म्हणा, बी.बी.सी. बेसिकमध्येच लिहिली होती. पहिली आर्म चिप २६ एप्रिल १९८५ रोजी चालू झाली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जो प्रोसेसर असतो तो बहुधा याच घराण्यातला. म्हणजे अडगळीच्या खोलीत धूळ खात पडलेली ती पिवळट पेटी मोबाइलची नात्यातली आजी लागते.

आता मुद्द्याकडे येतो. जुना संगणक जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे?

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत वाढलेल्याला हा प्रश्न फारसा अवघड वाटू नये. तिथे मूर्तिकार आधी एक नमुना घडवतो, त्याच्यावरून साचा घेतात आणि साच्यावरून शेकडो मूर्ती निघतात. मूर्ती दरवर्षी पाण्यात जातात, साचा जपून ठेवतात. संगणकातली कायम स्मृतीची चिप, जिला रॉम म्हणतात, ती अशीच साच्यातून निघालेली असते. तिच्यातले शून्य-एक कारखान्यातच ठशाने उमटवलेले असतात. स्पेक्ट्रमच्या १६ किलोबाइट रॉममध्ये त्याचे सगळे बेसिक आहे. या रॉमची अक्षरन् अक्षर नक्कल आज जगभर उपलब्ध आहे. तिचे हक्क १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीकडे गेले होते, आणि १९९९ मध्ये त्या कंपनीने अनुकरण आज्ञावलींबरोबर ही रॉम वाटायला मुभा दिली. अनुकरण आज्ञावली म्हणजे आजच्या संगणकाला 'तू काही वेळ स्पेक्ट्रम हो' असे सांगणारी आज्ञावली, जिला एम्युलेटर म्हणतात. तेव्हा साचा सुरक्षित आहे. स्पेक्ट्रमवरचे हजारो ब्रिटिश खेळही सुरक्षित आहेत, कारण १९९० च्या दशकापासून तिथल्या हौशी मंडळींनी कॅसेटमागून कॅसेट उतरवून काढली. सुरक्षित नाही ते आपल्याकडचे. पुण्यात, सांगलीत, रोह्यात ज्यांनी ही यंत्रे घेतली त्यांनी त्यांच्यावर काय लिहिले, काय शिकवले, हे कोणत्याही रॉममध्ये नाही. ते आहे कॅसेटवर, वह्यांमध्ये आणि आता सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत.

रोह्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला अशी एक कॅसेट दिली. मूळची भावगीतांची. कोपऱ्यातल्या भोकावर चिकटपट्टी लावून तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण केलेले. त्या काळी कोरी कॅसेट महाग म्हणून हा उपाय घरोघरी चाले. ती ऐकली तर गाण्याऐवजी एक लांब सूर आणि मग खरखर. ही खरखर वाचता येते, ती अशी.

स्पेक्ट्रम कॅसेटवर लिहितो तेव्हा प्रत्येक बिट म्हणजे ध्वनीचे एक आवर्तन. शून्यासाठी आखूड, सुमारे ०.४९ मिलिसेकंदाचे. एकासाठी त्याच्या दुप्पट, सुमारे ०.९८ मिलिसेकंदाचे. म्हणजे दर सेकंदाला अनुक्रमे साधारण दोन हजार आणि एक हजार आवर्तने. आधीचा लांब सूर सुमारे ८०० आवर्तनांचा असतो, तो 'सावध, आता येतोय' अशी वर्दी देतो. मग १७ बाइटचा मथळा येतो. त्यात आज्ञावलीचे नाव असते, जास्तीत जास्त दहा अक्षरांचे. मग पुन्हा सूर आणि मग खुद्द आज्ञावली. सरासरी सेकंदाला साडेतेराशेच्या आसपास बिट. चाळीस किलोबाइट भरायचे तर चार मिनिटे लागतात. तेवढ्यात चहा होतो. शेवटी एक पडताळ्याचा बाइट असतो. सगळ्या बाइटमधल्या एकाच स्थानावरच्या बिटांत एकांची संख्या सम की विषम, एवढेच तो सांगतो. एखादा बिट वाचताना चुकला तर पडताळा जुळत नाही आणि पडद्यावर 'आर टेप लोडिंग एरर' उमटते. एकाच स्थानावरचे दोन बिट चुकले तर मात्र चूक लपून जाते. (हा पडताळा वर्गात कागदावर करून पाहता येतो. पाच मुलांनी प्रत्येकी आठ शून्य-एक लिहायचे, सहाव्याने पडताळा लिहायचा, सातव्याने गुपचूप एक आकडा बदलायचा.)

त्या कॅसेटच्या मथळ्यात नाव निघाले 'पावकी'. अर्थात रोमन अक्षरांत. आज्ञावली साठ-सत्तर ओळींची. मुलाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांतले प्रश्न विचारणारी, बरोबर उत्तराला 'शाब्बास' म्हणणारी आणि तीनदा चुकल्यास पाढा पहिल्यापासून दाखवणारी. सूचना मराठीत, लिपी रोमन. अपूर्णांकांचे पाढे आपल्या शाळांतून त्याआधीच मागे पडत चालले होते. परदेशी बनावटीच्या यंत्रावर रोह्यात बसून कोणाला तरी ते शिकवावेसे वाटले, याचा हा एकुलता एक पुरावा.

यात एक गणिती मौज आहे. संगणक द्विमान पद्धतीत हिशेब करतो. त्या पद्धतीत अर्धा म्हणजे ०.१, पाव म्हणजे ०.०१, पाऊण ०.११, सव्वा १.०१, दीड १.१. सगळे एक-दोन घरांत संपणारे, तंतोतंत. उलट आपला दशांश, म्हणजे एकाचा दहावा भाग, द्विमानात कधीच संपत नाही. एक तृतीयांश दशमानात जसा ०.३३३ असा चालतच राहतो, तसा. संगणकाला तो कुठेतरी तोडावा लागतो. त्यात स्पेक्ट्रमच्या भागाकाराच्या उपक्रमात रॉम लिहिताना एक चूक राहून गेली आहे. तिच्यामुळे एकदशांशाचा शेवटचा बिट हवा तसा वर चढत नाही. म्हणजे ज्या पावकी-दिडकीला आपण जुनाट म्हटले, ती यंत्राच्या स्वभावाला दशमानापेक्षा जवळची निघाली. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपल्या रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते, शेराचे १६ छटाक होते. सगळे दोनाच्या पटीतले. संगणकाला तो बाजार सोपा गेला असता!

लिपीचा प्रश्न त्या शिक्षकांनी रोमनवर भागवला, पण सगळ्यांनी तसे केले नसावे, कारण स्पेक्ट्रममध्ये एक सोय होती. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर ८ ओळी व ८ स्तंभांच्या चौकटीत बसे, आणि अशा २१ चौकटी वापरणाऱ्याला स्वतः रेखाटता येत. प्रत्येक ओळ म्हणजे आठ बिटांची एक संख्या. 'प' काढून पाहू. पहिली ओळ शिरोरेषेची, आठही घरे भरलेली: २५५. पुढच्या तीन ओळींत डावीकडून दुसरे आणि सातवे घर भरलेले: ६४ अधिक २ म्हणजे ६६, ६६, ६६. पाचव्या ओळीत डावा भाग वळून उजव्या काण्याला मिळतो, तिसऱ्यापासून सातव्या घरापर्यंत: ३२ अधिक १६ अधिक ८ अधिक ४ अधिक २ म्हणजे ६२. मग नुसता काणा: २ आणि २. शेवटची ओळ रिकामी: ०. आठ संख्यांत 'प' तयार.

आता 'पेण' लिहून बघा. 'पे'ची मात्रा शिरोरेषेच्या वर जाते आणि वर तर जागाच उरलेली नाही. शिरोरेषा दोन ओळी खाली आणावी तर खाली उकाराला जागा नाही. जोडाक्षरांचे तर नावच नको. आठ बाय आठची चौकट रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून आखली होती. देवनागरी संगणकावर नीट बसायला आय.आय.टी. कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालेले काम, १९९१ चे भारतीय लिपींचे प्रमाण संकेत, अशी मोठी वाट चालावी लागली. का लागली, हे मुलांना चौकटीच्या वहीत 'पे' काढायला लावले की पाच मिनिटांत कळते. त्यासाठी जुना संगणक असण्याचीही गरज नाही.

असलाच तर काय करावे? पहिली गोष्ट, तो वीजपुरवठ्याला जोडू नये. उत्साहाच्या भरात सगळे हेच आधी करतात. बी.बी.सी. मायक्रोच्या वीजपुरवठ्यात गाळणीचे काम करणारे कागदी धारित्र असतात. त्यांच्या कवचाला काळाने बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत खोलीभर धूर होतो. आपल्या कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात तडे जाऊन ओलावा शिरायला वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. हे धारित्र आधी बदलावेत. कोणत्याही चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याला ते काम जमते. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. त्याची बोर्डात खोचलेली शेपटी कडक होऊन तुटते, म्हणून झाकण हलक्या हाताने, फार न ताणता उघडावे. काही यंत्रांत बोर्डावर घड्याळासाठी छोटी बॅटरी असते. ती पाझरून तांब्याच्या रेषा खाते. यंत्र चालो वा न चालो, ती बॅटरी काढून टाकावी. काचेची खिडकी असलेल्या चिपवर चिकटवलेला कागद मात्र काढू नये. खिडकीतून उन्हातले अतिनील किरण शिरले की आतले लिखाण पुसले जाते. पिवळे पडलेले प्लॅस्टिक रसायनाने पांढरे करण्याची टूम जगभरच्या संग्राहकांत आहे. मला ती आवडत नाही. पितळेच्या समईला लिंबू-चिंच लावावी, पण प्लॅस्टिक त्या उपचाराने पुढे ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि पिवळेपणा हासुद्धा वस्तूच्या वयाचा दाखला आहे.

कॅसेटची निगा यंत्राहून निकडीची. पट्टीवरचा लोहाचा थर ज्या द्रव्याने चिकटवलेला असतो ते ओलावा शोषते, आणि दमट कपाटात पट्टीच्या कडांवर बुरशीची पांढरी रेघ उमटते. अशी कॅसेट वाजवू नये, आधी कोरड्या जागी ठेवून जाणकाराला दाखवावी. चांगली असेल तर चांगल्या कॅसेट डेकवर एकदाच शांतपणे वाजवून आजच्या संगणकात उतरवून घ्यावी. ध्वनीची धारिका वेव्ह प्रकारची असावी, एमपी३ नको. एमपी३ मध्ये कानाला न कळणारा तपशील गाळतात आणि आपला वाचक इथे कान नाही. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या नेहमीच्या वेगाने उतरवले तर शून्याच्या आवर्तनात साधारण २१ आणि एकाच्या आवर्तनात ४३ नमुने पडतात. हा फरक ओळखणारी आज्ञावली अकरावीचा विद्यार्थीही लिहू शकेल.

आणि रजिस्टर. निर्लेखनाचा ठराव होतो तेव्हा वस्तूला कायदेशीर मार्गाने जाऊ द्यावे, त्याला इलाज नाही. ई-कचऱ्याचे आजचे नियमही ती अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यायला सांगतात, आणि बोर्डावरच्या सोल्डरमधले शिसे पाहता ते योग्यच आहे. पण त्याआधी त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. यंत्राच्या तळाशी असलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक, बनावटीचे ठिकाण, कंपनीचे नाव टिपावे. मोहालीचे युनिकॉर्न आहे की केंब्रिजचे मूळ यंत्र, हे तिथेच कळते आणि कोणत्या शाळेत कोणते गेले याचा माग त्यातूनच लागतो. सोबतच्या फ्लॉपी, कॅसेट, प्रशिक्षणाची टिपणे, मुलांच्या हस्ताक्षरातल्या आज्ञावल्यांच्या वह्या यांना सहसा डेडस्टॉकमध्ये नोंदच नसते. त्यामुळे त्या ठेवून घ्यायला ठरावही लागत नाही. त्या काळी संगणकाचे प्रशिक्षण घेऊन आलेले शिक्षक गावात असतील तर त्यांच्याकडे एक दुपार जावे आणि विचारावे, की आठवड्यातून किती तास मिळत, एका यंत्रावर किती मुले बसत, वीज गेली की काय करत. या प्रश्नांची उत्तरे दिल्लीच्या अहवालांत आकड्यांनी असतील, पण वीज गेल्यावर सरांनी फळ्यावर खडूने काय चालवले ते त्यांत असायचे नाही.

रोह्याच्या कॅसेटची दुसरी बाजू अजून पुरी वाचून झालेली नाही. तिच्यावर दोन मथळे आहेत. एक तिथीचे गणित करणाऱ्या आज्ञावलीचा दिसतो. दुसऱ्यानंतर लगेच पट्टी चुरगळलेली आहे आणि खरखरीतून मधूनमधून मूळचे भावगीत ऐकू येते. त्या जागी सुमारे चाळीस बाइट पडताळ्याला उतरत नाहीत. सरांना त्यातले दोन-तीन ठिकाणचे आकडे आठवले, बाकीचे बसवून पाहण्याचे काम सुरू आहे.